टॉम इझो यांच्या मार्च महिन्याचा जमाखर्च

मिशिगनमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक टॉम इझो यांना तिकडचे लोक ‘मिस्टर मार्च’ म्हणतात आणि ‘जानेवारी, फेब्रुवारी, इझो, एप्रिल’ अशी महिन्यांची उजळणीही कौतुकाने करतात. प्रत्यक्षात त्यांच्या नावावर राष्ट्रीय विजेतेपद एकच आहे, तेही २००० सालचे, आणि २०१६ मध्ये तर त्यांचा दुसरा मानांकित संघ पंधराव्या मानांकित संघाकडून पहिल्याच सामन्यात हरला होता. मग हा लौकिक खरा मानायचा की जुन्या पुण्याईवर चाललेला?

महाविद्यालयीन संघांना बास्केटबॉल शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत आणि त्यातला मोठा भाग बाद पद्धतीच्या स्पर्धांमध्ये एका सामन्याने घरी परतण्यात गेला आहे, त्यामुळे या प्रश्नाबद्दल मला आपुलकी आहे. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. लौकिक पूर्णपणे कमावलेला आहे. परंतु तो २०१५ पर्यंत कमावलेला आहे. त्यानंतरच्या वर्षांत इझो यांनी मार्चमध्ये काही गमावलेही नाही आणि काही जास्तीचे मिळवलेही नाही. हे मी विजेतेपदे मोजून म्हणत नाही. कसे मोजून म्हणतो, ते पुढे सविस्तर मांडतो.

प्रथम स्पर्धेचे स्वरूप पाहू. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांची संघटना असलेल्या एनसीएएची, मार्चमध्ये भरणारी राष्ट्रीय स्पर्धा १९८५ पासून ६४ संघांची झाली, २००१ मध्ये ती ६५ आणि २०११ पासून ६८ संघांची झाली. चार विभाग असतात आणि प्रत्येक विभागात संघांना १ (सर्वांत बलाढ्य) ते १६ असे मानांकन दिले जाते. विजेता होण्यासाठी सलग सहा सामने जिंकावे लागतात आणि हे सहा सामने तीन आठवड्यांच्या शेवटी दोन-दोन असे विभागलेले असतात. गुरुवारी जिंकलात तर शनिवारी पुन्हा उतरायचे, शुक्रवारी जिंकलात तर रविवारी. अखेरच्या आठवड्यात, म्हणजे ‘फायनल फोर’मध्ये, उपांत्य सामना शनिवारी आणि अंतिम सामना सोमवारी होतो. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये सात सामन्यांची मालिका असते, त्यामुळे चांगल्या संघाला एखादा वाईट दिवस पचवता येतो. इथे तशी सोय नाही.

या रचनेचा परिणाम आकड्यांत पाहिला की डोळे उघडतात. समजा एखादा संघ इतका बलाढ्य आहे की समोर कोणीही आले तरी शंभरपैकी ऐंशी वेळा तोच जिंकेल. अशा संघानेही सहा सामने ओळीने जिंकण्याची शक्यता साधारण २६ टक्केच भरते. ही शक्यता दर सामन्याला ७५ टक्क्यांवर आणली, तर विजेतेपदाची शक्यता जेमतेम १८ टक्के उरते. म्हणजे वर्षानुवर्षे उत्तम संघ घेऊन जाणाऱ्या प्रशिक्षकाच्या खात्यातही एक-दोनच विजेतेपदे दिसावीत, हे गणिताला धरूनच आहे. यूसीएलए विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन वुडन यांची दहा विजेतेपदे नेहमी उदाहरण म्हणून पुढे केली जातात. त्यांचे मोठेपण निर्विवाद आहे, पण त्यांच्या काळात बहुतेक वर्षी यूसीएलएला विजेतेपदासाठी चारच सामने जिंकावे लागत आणि १९७५ पूर्वी एका कॉन्फरन्समधून, म्हणजे विद्यापीठांच्या एका गटातून, एकच संघ स्पर्धेत येत असे, हेही विसरून चालत नाही.

तेव्हा विजेतेपदांऐवजी मी एक साधा हिशेब मांडतो. मानांकन म्हणजे निवड समितीने त्या संघावर ठेवलेले देणे आहे, असे समजा. सर्व सामने मानांकनाप्रमाणे लागले तर पहिल्या मानांकित संघाने चार सामने जिंकून ‘फायनल फोर’ गाठावे, दुसऱ्या मानांकिताने तीन, तिसऱ्या व चौथ्याने दोन आणि पाचव्यापासून आठव्यापर्यंतच्या संघांनी एक सामना जिंकावा. नवव्या आणि त्याखालच्या संघांवर काहीच देणे नाही. मग दरवर्षीचे देणे एका रकान्यात आणि प्रत्यक्ष विजय दुसऱ्या रकान्यात लिहीत जायचे. ही पद्धत ढोबळ आहे, कारण आठवा आणि नववा संघ यांत खरे तर फरक नसतो. तरीही पंचवीस-सत्तावीस वर्षांच्या वहीत असे किरकोळ दोष बरेचसे बुजतात.

इझो १९९५ मध्ये जड हीथकोट यांच्या जागी मुख्य प्रशिक्षक झाले. मॅजिक जॉन्सनला घेऊन १९७९ चे विजेतेपद मिळवणारे ते हेच हीथकोट, आणि इझो त्यांच्याकडे १९८३ पासून सहायक होते. पहिल्या दोन हंगामांत संघ मुख्य स्पर्धेपर्यंत पोहोचला नाही. दुय्यम समजल्या जाणाऱ्या एनआयटी स्पर्धेत खेळला आणि दोन्ही वेळा दुसऱ्या फेरीत बाहेर पडला. त्यानंतर १९९८ पासून २०२५ पर्यंत, साथीमुळे रद्द झालेली २०२० ची स्पर्धा वगळता, मिशिगन स्टेट एकदाही स्पर्धेबाहेर राहिलेले नाही. या सलग २७ स्पर्धा होतात आणि एका प्रशिक्षकाने पुरुषांच्या स्पर्धेत इतका दीर्घ क्रम राखण्याचा हा विक्रम आहे. ड्यूकच्या माईक शशेवस्की यांचा क्रम २४ वर थांबला होता.

या २७ स्पर्धांत इझो यांचे ५९ विजय आणि २६ पराभव आहेत. मानांकनांवरून त्यांच्याकडे निघणारे देणे मी मोजले, तर ते ४५ विजयांचे भरते. म्हणजे देणे फेडून १४ विजय वर. तेरा स्पर्धांत त्यांनी देण्यापेक्षा जास्त दिले, नऊ स्पर्धांत हिशेब बरोबर फिटला आणि पाच स्पर्धांत, म्हणजे २००४, २००६, २०१२, २०१६ आणि २०१८ मध्ये, देणे थकले. प्रश्नकर्त्यांना खुपणारी २०१६ ची हार या पाचांपैकी सर्वांत मोठी थकबाकी आहे, पण ती एकटीच धरून वही वाचता येणार नाही. वरच्या मानांकनाच्या संघाला हरवण्याचे प्रसंग पाहिले, तर माझ्या मोजणीप्रमाणे असे १७ विजय निघतात. त्यांत २००५ चे ड्यूक आणि केंटकी आहेत, २००९ चे लुइव्हिल आणि कनेक्टिकट आहेत, २०१५ चे व्हर्जिनिया, ओक्लाहोमा आणि पुन्हा लुइव्हिल आहेत. त्या वर्षी सातव्या मानांकनावरून हा संघ ‘फायनल फोर’मध्ये गेला होता.

आता मला ज्या गोष्टीत सर्वांत जास्त रस आहे, तिच्याकडे येतो. आठवड्यातला पहिला सामना आणि दुसरा सामना या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पहिल्या सामन्यातला प्रतिस्पर्धी चार-पाच दिवस आधी माहीत असतो. त्याची चित्रफीत पाहता येते, सरावात दुय्यम खेळाडूंकडून त्याच्या चाली करवून घेता येतात, त्याच्या पॉइंट गार्डला, म्हणजे चेंडू पुढे आणून चाली सुरू करणाऱ्या खेळाडूला, कोणत्या हाताकडे ढकलायचे हे पायात मुरवता येते. दुसऱ्या सामन्यातला प्रतिस्पर्धी पहिल्या सामन्याच्या दिवशीच ठरतो आणि मधे एकच दिवस मिळतो. त्या दिवशी खेळाडूंचे पाय थकलेले असतात, त्यामुळे खरा सराव करवताच येत नाही. चालत-चालत जागा दाखवायच्या, सात-आठ चाली ओळखायला शिकवायच्या आणि बाकीचे आपल्या नेहमीच्या सवयींवर सोडायचे, एवढेच प्रशिक्षकाच्या हाती राहते. आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत तर रोज सामना असतो आणि पुढचा प्रतिस्पर्धी आम्ही गॅलरीत बसून वहीत टिपून घेतो, म्हणून या एका दिवसाची किंमत मला चांगली ठाऊक आहे.

इझो यांचे ५९ विजय व २६ पराभव या दोन खणांत वाटले, तर आठवड्याच्या पहिल्या सामन्यात ३४ विजय व १७ पराभव आणि दुसऱ्या सामन्यात २५ विजय व ९ पराभव असे दिसतात. पहिल्या खणात यशाचे प्रमाण दोन-तृतीयांश आहे, दुसऱ्यात ते सुमारे ७४ टक्के आहे. साधारणपणे हे उलटे असायला हवे, कारण दुसऱ्या सामन्यात समोर उभा असलेला संघ स्वतः एक सामना जिंकून आलेला असतो आणि सरासरीने अधिक ताकदीचा असतो. विभागाच्या अंतिम सामन्यात, म्हणजे ज्यातून ‘फायनल फोर’चा रस्ता फुटतो त्या सामन्यात, त्यांची कामगिरी ११ पैकी ८ विजयांची आहे. हा सामना नेहमीच आठवड्यातला दुसरा सामना असतो.

हे घडते कसे? माझ्या मते दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे कामाची वाटणी. स्पर्धेचा तक्ता जाहीर होताच संभाव्य प्रतिस्पर्धी सहायक प्रशिक्षकांमध्ये वाटून द्यायचे, म्हणजे ज्याच्याशी कदाचित सामना होणारही नाही अशा संघाचा अभ्यासही कोणीतरी आधीच पुरा केलेला असतो. ही पद्धत आज सगळेच पाळतात, पण चिकाटीने पाळणारे थोडे असतात. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. इझो यांच्या संघाचा पाया अशा गोष्टींवर आहे, ज्या प्रतिस्पर्धी बदलला तरी बदलाव्या लागत नाहीत. रिबाउंड आणि फास्ट ब्रेक या त्या दोन गोष्टी. चेंडू बास्केटवरून उसळला की पाचही जणांनी अंगाने अडवून तो घ्यायचा आणि घेतल्याबरोबर पळायचे. समोरच्याने गुण केला तरी चेंडू आत टाकून त्याच वेगाने पळायचे. रिबाउंडच्या सरावात त्यांनी खेळाडूंना अमेरिकन फुटबॉलची हेल्मेटे आणि खांद्याची कवचे घालायला लावली होती, ही गोष्ट तिकडे प्रसिद्ध आहे. रिबाउंडमधील फरकाच्या बाबतीत २००१ चा त्यांचा संघ देशात पहिला होता. एका दिवसात नवी चाल शिकवणे अवघड असते. आपली मुले समोरच्यापेक्षा जोरात धडकतील आणि लवकर धावतील याची तजवीज मात्र ऑक्टोबरपासून करता येते. त्यात भर म्हणजे हंगामाच्या सुरुवातीलाच ते आपल्या संघाला जाणूनबुजून बलाढ्य संघांसमोर उभे करतात. २०११ पासून ड्यूक, कॅन्सस आणि केंटकी यांच्याबरोबर चालणारी ‘चॅम्पियन्स क्लासिक’ ही त्याचीच एक खूण. या सवयीमुळे त्यांच्या संघाचे नोव्हेंबर-डिसेंबरमधले आकडे वाईट दिसतात, मानांकनही एखाद्या पायरीने घसरते, आणि मार्चमध्ये मोठे नाव समोर आले म्हणून कोणी दबकत नाही.

विजेतेपदाच्या वर्षाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण २००० चा संघ हा सोपा रस्ता मिळालेला संघ होता, अशी कुजबुज अधूनमधून ऐकू येते. उपांत्य फेरीत आठवा मानांकित विस्कॉन्सिन आणि अंतिम फेरीत पाचवा मानांकित फ्लोरिडा समोर आला, हे खरे आहे. पण त्याआधी आयोवा स्टेट हा दुसरा मानांकित संघ होता आणि सिराक्यूजविरुद्ध तर पूर्वार्धात दोन आकडी पिछाडी भरून काढून ७५–५८ असा विजय मिळवावा लागला. सहाही सामने या संघाने किमान ११ गुणांच्या फरकाने जिंकले. अंतिम सामन्यात उत्तरार्धात कर्णधार मटीन क्लीव्ह्जचा घोटा मुरगळला, तो लंगडत परत आला आणि सामना ८९–७६ असा संपला. याच क्लीव्ह्जला पायाच्या दुखापतीमुळे हंगामाचे पहिले तेरा सामने बाहेर बसावे लागले होते. फ्लिंट या गावचे क्लीव्ह्ज, मॉरिस पीटरसन आणि चार्ली बेल हे तिघे या संघाचा कणा होते. अशा संघाला सोप्या रस्त्याचा शिक्का मारणे मला अन्यायाचे वाटते. रस्ता तक्त्याने दिला असेल, पण दर वेळी ११ गुणांचा फरक तक्ता देत नसतो.

माझ्या दृष्टीने मात्र प्रशिक्षक म्हणून त्यांची सर्वांत मोठी कामगिरी २०१० ची आहे. संघ पाचवा मानांकित होता. दुसऱ्या फेरीत मेरीलँडविरुद्ध खेळताना मुख्य पॉइंट गार्ड कॅलिन लुकास याच्या घोट्यामागचा स्नायुबंध तुटला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. तो सामना बदली म्हणून आलेल्या कोरी लुशसच्या अखेरच्या क्षणी मारलेल्या तीन गुणांच्या फेकीने ८५–८३ असा जिंकला गेला. पुढच्या आठवड्यात नॉर्दर्न आयोवाला ५९–५२ आणि टेनेसीला ७०–६९ असे हरवून हा संघ ‘फायनल फोर’ला गेला. तिथे बटलरकडून, बटलरच्याच इंडियानापोलिस शहरात, ५२–५० अशी हार झाली. पॉइंट गार्ड गेल्यावर बहुतेक संघ दुसऱ्या दिवशी कोसळतात, याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना या तीन विजयांचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

आता खर्चाची बाजू. ‘फायनल फोर’ त्यांनी आठ वेळा गाठली: १९९९, २०००, २००१, २००५, २००९, २०१०, २०१५ आणि २०१९. पण उपांत्य सामन्यात दोनच विजय आणि सहा पराभव आहेत. आठवड्याच्या पहिल्या सामन्याचा खण जो कमजोर दिसतो, त्याचे हे एक मोठे कारण आहे. काही पराभव अटीतटीचे होते, तर काही दारुण. २००१ मध्ये ॲरिझोनाने ८०–६१ आणि २०१५ मध्ये ड्यूकने ८१–६१ असे हरवले. इथे रिबाउंड आणि वेग यांवर उभारलेल्या खेळाची मर्यादा दिसते, असे मला वाटते. समोर तितकेच धट्टेकट्टे आणि त्याहून अधिक गुणवान खेळाडू आले, आणि त्यांनाही तयारीला आठवडा मिळाला, की सवयीचा वरचष्मा उरत नाही.

याची सर्वांत स्पष्ट साक्ष नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धची कामगिरी देते. राष्ट्रीय स्पर्धेत इझो या विद्यापीठाविरुद्ध पाच वेळा खेळले, १९९८, २००५, २००७, २००९ आणि २०२४ मध्ये, आणि पाचही वेळा हरले. ड्यूकविरुद्ध दोन विजय, चार पराभव. म्हणजे २६ पैकी ९ पराभव केवळ या दोन शेजारी विद्यापीठांकडून झालेले आहेत. २००९ चा अंतिम सामना तर डेट्रॉइटमध्ये होता, मोटार उद्योग डबघाईला आलेल्या दिवसांत, घरच्या ७२ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर. मध्यंतरालाच कॅरोलायना ५५–३४ अशी पुढे होती आणि टाय लॉसनने आठ वेळा चेंडू हिसकावून घेतला, शेवटी ८९–७२. त्याच मैदानावर डिसेंबरमध्ये याच संघाने त्यांना ९८–६३ असे लोळवले होते, हे लक्षात घेतले तर फरक ३५ वरून १७ वर आणणे हीही एक प्रकारची प्रगतीच होती, पण अंतिम सामन्याच्या रात्री असल्या प्रगतीने कोणाचे समाधान होत नाही.

पराभवांची आणखी एक मोजणी इझो यांचे चाहते करतात आणि ती थोडी फसवी आहे. २६ पैकी १६ पराभव अशा संघांकडून झाले, जे त्या वर्षी ‘फायनल फोर’मध्ये होते. ऐकायला हे भारदस्त वाटते. पण त्यांतले दहा पराभव विभागाच्या अंतिम सामन्यात किंवा त्यानंतर झालेले आहेत. तिथे हरवणारा संघ ‘फायनल फोर’मध्ये असणे हे ओघानेच येते. खरी नोंद उरलेल्या सहांची आहे. त्यात २००६ ची जॉर्ज मेसन आणि २०२१ ची यूसीएलए आहे. २००६ मध्ये अकराव्या मानांकित जॉर्ज मेसनने ७५–६५ असे हरवले तेव्हा लोकांनी नाके मुरडली आणि दोन आठवड्यांनी तीच जॉर्ज मेसन ‘फायनल फोर’मध्ये होती. २०२१ मध्ये पात्रता स्वरूपाच्या ‘फर्स्ट फोर’ सामन्यात मध्यंतराला ११ गुणांची आघाडी घेऊन इझो यांचा संघ यूसीएलएकडून जादा वेळेत ८६–८० असा हरला आणि मग यूसीएलएही तिथपर्यंत पोहोचली.

२०१६ ला मात्र अशी कोणतीही सबब नाही. डेन्झेल व्हॅलेंटाइन हा त्या वर्षीचा असोसिएटेड प्रेसचा सर्वोत्तम खेळाडू या संघात होता आणि आदल्याच रविवारी संघाने, मिशिगन स्टेट ज्या गटात खेळते त्या, बिग टेन कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली होती. शुक्रवारी मिडल टेनेसीने पहिल्या काही मिनिटांतच १५–२ अशी आघाडी घेतली, तीन गुणांच्या १९ फेकींपैकी ११ बास्केटमध्ये घातल्या आणि सामना ९०–८१ असा जिंकला. समोरचा संघ असा फेकू लागला की बचाव पुढे ओढावा लागतो, बचाव पुढे ओढला की आतली जागा मोकळी होते, आणि मग दोन्हीकडून गुण जात राहतात. त्या दिवशी इझो यांना हे थांबवता आले नाही. मोठ्या प्रशिक्षकांच्या कारकिर्दीत असा एखादा दिवस असतोच, असे म्हणून मी तो झाकणार नाही. दुसऱ्या मानांकनाचे तीन विजयांचे देणे त्या वर्षी पूर्ण बुडाले.

तरीही मला अधिक बोचणारी हार २०१८ ची आहे, कारण ती आठवड्यातल्या दुसऱ्या सामन्यात झाली. तिसरा मानांकित संघ, त्यात माइल्स ब्रिजेस आणि जॅरेन जॅक्सन ज्युनियर, सामना घरच्या डेट्रॉइटमध्ये आणि समोर ‘फर्स्ट फोर’मधून आलेली अकरावी मानांकित सिराक्यूज. सिराक्यूज वर्षानुवर्षे २–३ झोन बचाव (खेळाडूऐवजी जागा राखणारा, पुढे दोन आणि मागे तीन असा) खेळते, हे सगळ्या जगाला माहीत होते. झोन फोडण्याचा मार्गही पाठ्यपुस्तकातला आहे: चेंडू फ्री थ्रो रेषेच्या मध्याजवळ उंच आणि हुशार खेळाडूच्या हातात द्यायचा, त्याने तिथून आत किंवा कोपऱ्यात काढायचा. मिशिगन स्टेटने त्याऐवजी बाहेरून तीन गुणांच्या ३७ फेकी मारल्या आणि त्यांतल्या आठच आत गेल्या. निकाल ५५–५३. उंच आणि फेक असलेला जॅक्सन बराच वेळ बाकावर होता, याचे कोडे मला अजून उलगडलेले नाही.

या हारेपासूनच मी वही मधोमध कापून पाहू लागलो आणि प्रश्नकर्त्यांच्या शंकेचे खरे उत्तर तिथे सापडते. १९९८ ते २०१५ या १८ स्पर्धांत इझो यांचे देणे ३२ विजयांचे होते आणि भरणा ४६ चा. १३ वेळा ते शेवटच्या १६ संघांत होते, सात वेळा ‘फायनल फोर’मध्ये. २०१६ ते २०२५ या नऊ स्पर्धांत देणे १३ आणि भरणाही १३. शेवटच्या १६ मध्ये तीनच वेळा, ‘फायनल फोर’मध्ये एकदा. वर दाखवलेली १४ ची सगळी शिल्लक पहिल्या कालखंडातली आहे. आठवड्यातल्या दुसऱ्या सामन्याचे आकडे तर अधिकच बोलके आहेत: २०१५ पर्यंत २१ विजय व ४ पराभव, त्यानंतर ४ विजय व ५ पराभव.

यावरून प्रशिक्षक म्हातारा झाला असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. दुसऱ्या सामन्यातल्या या अलीकडच्या पाच पराभवांपैकी चार पहिल्या किंवा दुसऱ्या मानांकित संघांकडून झालेले आहेत: २०१७ मध्ये कॅन्सस, २०२२ मध्ये ड्यूक, २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना आणि २०२५ मध्ये ऑबर्न. सातव्या किंवा नवव्या मानांकनाने स्पर्धेत शिरले की दुसऱ्याच सामन्यात विभागातला अव्वल संघ समोर येतो; ही रचनेचीच शिक्षा आहे. तेव्हा घसरण मार्चमध्ये झाली नसून आधीच्या चार महिन्यांत झाली, असे म्हणणे योग्य ठरेल. २०२१ ते २०२४ या चार वर्षांत मानांकने ११, ७, ७ आणि ९ अशी होती.

त्यामागची कारणेही दिसतात. इझो यांची पद्धत खेळाडू तीन-चार वर्षे टिकेल या गृहीतावर उभी होती. रिबाउंडची शिस्त आणि वेगाची सवय पहिल्या वर्षात पुरती अंगी बाणत नाही. ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळते. २०१३ पर्यंत त्यांच्याकडे चार वर्षे पूर्ण केलेला प्रत्येक खेळाडू किमान एकदा तरी ‘फायनल फोर’ खेळलेला होता. हा क्रम २०१४ मध्ये ॲड्रियन पेन आणि कीथ ॲपलिंग यांच्या वेळी तुटला. पुढे खेळाडूंना विद्यापीठ बदलणे सोपे झाले, नाव आणि प्रतिमेच्या मोबदल्याचे पैसे आले आणि अनेक प्रशिक्षकांनी दरवर्षी नवा संघ विकत घेतल्यासारखा उभा करायला सुरुवात केली. इझो त्यापासून बराच काळ दूर राहिले. २०२३–२४ च्या हंगामात त्यांनी दुसऱ्या विद्यापीठातून एकही खेळाडू आणला नाही. दुसरे कारण तंत्राचे आहे. १९९८ मध्ये प्रतिस्पर्ध्याच्या चित्रफिती मिळवणे, त्या कापून जोडणे आणि रातोरात त्यातून आठ चाली वेगळ्या काढणे हे कौशल्याचे आणि मेहनतीचे काम होते. आज कोणत्याही लहान विद्यापीठाचा सहायक हे काम काही तासांत संगणकावर उरकतो. एका दिवसाच्या तयारीत इझो यांना जी आघाडी मिळत असे ती यामुळे पातळ झाली असावी, असा माझा तर्क आहे.

बिग टेन कॉन्फरन्सच्या स्वतःच्या स्पर्धेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती १९९८ मध्ये सुरू झाली आणि इझो यांनी ती सहा वेळा जिंकली. तिथल्या यशावरून राष्ट्रीय स्पर्धेतील यशाचा अंदाज बांधू नये, एवढे २०१६ चे उदाहरण पुरेसे सांगते. नियमित हंगामातली त्यांची ११ विजेतेपदे मला या सहांपेक्षा मोलाची वाटतात. त्या बाबतीत ते बॉब नाइट आणि वॉर्ड लँबर्ट यांच्या बरोबरीला आहेत.

राहिला तुलनेचा प्रश्न. शशेवस्की यांचे राष्ट्रीय स्पर्धेतले १०१ विजय, १३ ‘फायनल फोर’ आणि पाच विजेतेपदे यांच्या शेजारी इझो यांना बसवता येत नाही, आणि दोघांच्या सर्व लढतींमध्येही इझो यांचे तीनच विजय आहेत. रॉय विल्यम्स यांच्याकडे तीन विजेतेपदे आणि नऊ ‘फायनल फोर’ आहेत. पण हे दोघे ज्या विद्यापीठांत होते तिथे देशातले सर्वांत नावाजलेले शाळकरी खेळाडू आपणहून येत. त्यांची मानांकने वरची, म्हणून त्यांचे देणेही मोठे. मिळालेल्या मानांकनापेक्षा जास्त किती दिले, हा निकष लावला तर २०१५ पर्यंतच्या इझो यांना मी माझ्या पाहण्यातल्या कोणाही प्रशिक्षकाच्या मागे ठेवणार नाही. ज्यांना विजेतेपदेच मोजायची आहेत त्यांच्याशी माझा वाद नाही. फक्त २००० नंतर २०२५ पर्यंत बिग टेनमधील दुसऱ्या कोणत्याही संघालाही ते मिळवता आलेले नाही, एवढे त्यांनी ध्यानात ठेवावे.

२०२५ चा मार्च या दृष्टीने पाहण्यासारखा होता. इझो सत्तर वर्षांचे झाले होते, बिग टेनमधील विजयांचा बॉब नाइट यांचा विक्रम त्यांनी त्याच हंगामात मागे टाकला होता आणि संघाला दुसरे मानांकन मिळाले होते. संघात जेस रिचर्डसन हा पहिल्या वर्षाचा खेळाडू होता. त्याचे वडील जेसन रिचर्डसन २००० च्या विजेत्या संघात होते. ब्रायंटला ८७–६२, न्यू मेक्सिकोला ७१–६३ आणि ओल मिसला ७३–७० असे हरवून संघ विभागाच्या अंतिम सामन्यात आला. आठवड्यातला दुसरा सामना, मधे एकच दिवस आणि समोर संपूर्ण स्पर्धेतला अव्वल मानांकित ऑबर्न. जोनी ब्रूम हा त्यांचा मोठा खेळाडू कोपराला दुखापत होऊन आत गेला, परत आला आणि २५ गुण व १४ रिबाउंड घेऊन सामना संपवून गेला. ज्या रिबाउंडवर इझो यांनी तीस वर्षे संघ उभे केले, तेच त्या दिवशी समोरच्याच्या हातात होते. निकाल ७०–६४. दुसऱ्या मानांकनाचे देणे तीन विजयांचे होते आणि वहीत भरणाही तीनचाच पडला.